एक बॉयलर, दोन पात्या

जगातलं सगळ्यात ताकदवान वाफेचं इंजिन कोणतं, या प्रश्नाला किमान चार उत्तरं आहेत. चारही अमेरिकेतली, चारही मालगाडीची, आणि प्रत्येकाच्या बाजूने हिरिरीने भांडणारी माणसं आहेत. हे आधी ठाऊक असतं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना रेल्वेच्या गोष्टी सांगायचं मी बहुधा कबूलच केलं नसतं. मी निवृत्त इतिहासशिक्षिका. माहेर धारचं, सासर देवासचं. पवारांच्या सनदा, मराठ्यांच्या माळव्यातल्या स्वाऱ्या, संस्थानांचं विलीनीकरण, हे मी झोपेतही सांगेन. इंजिनाबद्दल मात्र ते गाडीच्या पुढे असतं, एवढीच माहिती. धारला रेल्वे नव्हतीच, गाडी पकडायची तर इंदूर किंवा महू गाठायचं. देवासला मोठी लाईन आली तीही स्वातंत्र्यानंतर. आमच्या दोन्ही घरांत रेल्वेत नोकरी केलेला माणूस औषधालाही सापडायचा नाही.

तरी पोरांनी विचारलं, "आजी, सगळ्यात पॉवरफुल कोणतं?" आणि मी अमेरिकेतल्या भाच्याला फोन लावला.

भाचा युटा राज्यात राहतो. "मावशी, बिग बॉयपासून सुरुवात कर," म्हणाला आणि एक चित्रफीत पाठवली. मे २०१९ मध्ये युनियन पॅसिफिक कंपनीने आपलं ४०१४ क्रमांकाचं इंजिन दुरुस्त करून पुन्हा रुळांवर आणलं, तेव्हा ऑग्डेन गावात जमलेल्या गर्दीत हाही होता. मी फोन हातात धरून बघत होते. शिटी झाली, धुराचा लोट आला, मग इंजिन आलं, आणि ते संपेचना. कोळसा-पाण्याच्या टेंडरसकट त्याची लांबी सुमारे ४० मीटर आणि वजन साधारण ५४० टन. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने, म्हणजे अल्कोने, १९४१ ते १९४४ या काळात अशी २५ इंजिनं बांधली.

मला वाटलं, सापडलं उत्तर. पण भाच्याचा पुढचा निरोप आला: "पण हे सगळ्यात जास्त ओढणारं नाही हं."

बिग बॉयची सुरुवातीची ओढ १,३५,३७५ पौंड. त्याच्या कितीतरी आधी, १९१८ मध्ये, व्हर्जिनियन रेल्वेसाठी अल्कोनेच वीस चालक चाकांची इंजिनं बांधली होती. त्यांची ओढ बिग बॉयपेक्षा जास्त. त्याहून आधी, १९१४ मध्ये, फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कंपनीने ईरी रेल्वेसाठी चालक चाकांचे तीन संच असलेलं इंजिन काढलं. तिसरा संच चक्क टेंडरच्या खाली. त्याची ओढ १,६०,००० पौंड. आणि चौथा दावेदार चेसापीक अँड ओहायो रेल्वेचा 'ॲलेगेनी', ओहायोतल्या लायमा कारखान्याचा, जन्म पुन्हा १९४१. ओढीत हा या सगळ्यांच्या मागे, पण त्याची अश्वशक्ती मोजली तेव्हा ती ७,५०० च्या जवळ भरली. बिग बॉय सव्वासहा हजारांच्या आसपास थांबतं.

म्हणजे एकाची ओढ मोठी आणि दुसऱ्याची अश्वशक्ती मोठी. या दोन वेगळ्या गोष्टी कशा असू शकतात, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. शेवटी महूला गेले. तिथे ऐंशी ओलांडलेले एक निवृत्त ड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. छोट्या लाईनवर त्यांनी फायरमन म्हणून कोळसा झोकला, मग वाफेचं इंजिन चालवलं, मग डिझेल. मी वही उघडून बसले. त्यांनी वहीकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, गाडी हलवणं एक आणि पळवणं दुसरं. हलवतं चाक. पळवतो बॉयलर."

मग त्यांनी सावकाश सांगितलं. उभी मालगाडी जागची हलवायला दट्ट्यांवरचा जोर लागतो आणि चाकांची रुळांवर पकड लागते. पण गाडी वेगात आली की सिलिंडर भराभर वाफ मागायला लागतात, आणि तेवढी वाफ दर मिनिटाला तयार करणं हे बॉयलरचं आणि त्याखालच्या भट्टीचं काम. ईरी रेल्वेच्या त्या तीन संचांच्या इंजिनाचं नेमकं हेच झालं होतं. सहा सिलिंडर आणि एकच बॉयलर. प्रचंड गाडी ते जागची हलवायचं, पण थोडा वेग आला की वाफ पुरायची नाही. म्हणून ते घाटात मागून रेटा देण्याच्या कामाला लागलं, आणि तो प्रयोग तिथेच संपला.

हा धागा हाती आल्यावर अमेरिकेचा पुढचा इतिहास मला इतिहासासारखा वाचता येऊ लागला. १९२० पर्यंत तिथल्या मालगाड्या म्हणजे लांबलचक, अवजड आणि संथ. पुढे मोटारट्रक आले आणि वेगाला किंमत आली. लायमा कारखान्यातल्या विल वुडार्ड या अभियंत्याने १९२५ मध्ये नव्या धर्तीचं इंजिन काढलं. चालक चाकं आठच, पण भट्टी एवढी मोठी की तिचा भार पेलायला मागे चार लहान चाकं द्यावी लागली. कारखान्याने त्या धर्तीला 'सुपर पॉवर' असं नाव दिलं. ओढायचं आणि पळायचंही, हा आग्रह तिथून सुरू झाला. बिग बॉय आणि ॲलेगेनी त्याच घराण्यातले. एवढ्या मोठ्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकणं माणसाच्या आवाक्यातलं राहिलं नाही. भर कामात बिग बॉय तासाला दहा टनांच्या आसपास कोळसा खायचं, म्हणून टेंडरमधून भट्टीपर्यंत कोळसा नेणारा यांत्रिक स्टोकर बसवला गेला. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले आणि हसले.

दुसरं कोडं आकड्यांचं. या इंजिनांची ओळख चाकांवरून सांगतात: २-८-२, ४-६-२, २-८-४. पहिला आकडा पुढच्या लहान चाकांचा, मधला चालक चाकांचा, शेवटचा मागच्या लहान चाकांचा. इथवर ठीक. पण बिग बॉय ४-८-८-४. यात मधले दोन आठ कशाला?

अण्णांनी उलटा प्रश्न केला. "पकड कशाने येते?" मी म्हटलं, वजनाने. "मग वजन वाढवा." वाढवलं. "रूळ दबला." मग वजन जास्त चाकांवर वाटू. "वाटा. इंजिन लांब झालं. आता ते वळणावर वळवून दाखवा." मी गप्प. एका सांगाड्यात घट्ट बसवलेली सोळा मोठी चाकं वळणावर वळणारच नाहीत. म्हणून सांगाडा मधे तोडायचा आणि बिजागरीने जोडायचा. आनातोल माले या स्विस अभियंत्याने ही युक्ती १८८४ मध्ये काढली होती, ती युरोपातल्या लहान लाईनींसाठी. १९०४ मध्ये अल्कोने बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेला तसं पहिलं अमेरिकी इंजिन दिलं, आणि मग तिथल्या डोंगराळ रेल्वेंनी ती कल्पना डोक्यावर घेतली. वर एकच बॉयलर. खाली यंत्रांचे दोन स्वतंत्र संच. मागचा बॉयलरला घट्ट जखडलेला, पुढचा वळणाप्रमाणे डावी-उजवीकडे झुकणारा.

हे ऐकताना मला जे दिसलं ते कुणाही देवासकराला दिसलं असतं. अठराव्या शतकात तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या भावांनी देवास घेतलं आणि एकाच गावात दोन राज्यं थाटली: थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन वाडे, दोन दरबार, दोन खजिने, आणि वर चामुंडेची टेकडी एकच. १९४८ पर्यंत हे असंच चाललं. तर मालेच्या इंजिनात मागचा संच थोरली पाती, पुढचा धाकटी. मालेच्या मूळ रचनेत ताजी वाफ आधी थोरलीला मिळायची, तिथलं काम संपवून ती जोर गमावलेली उष्टी वाफ धाकटीकडे जायची. तिच्यातून काम काढायला धाकटीचे सिलिंडर बरेच मोठे करावे लागत. कोळसा वाचायचा, पण इंजिन वेगात बोजड व्हायचं. पुढे अमेरिकेत ही उष्ट्याची पद्धत बऱ्याच रेल्वेंनी सोडली. बिग बॉयमध्ये दोन्ही संचांना बॉयलरची ताजी वाफ सारखीच मिळते, म्हणून ते ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे पळू शकलं. आमच्या दोन्ही पात्यांनाही ब्रिटिशांकडून पंधरा-पंधरा तोफांची सलामी होती, त्यामुळे देवासचं संस्थान बिग बॉयच्या जातीचं मानायला हरकत नाही. वर्गात मुलांना चाकं याच उपमेने समजली. मला तर त्याआधी समजलेलीच नव्हती.

तिसरं कोडं सगळ्यात चमत्कारिक. बिग बॉय बांधलं ते ऑग्डेनच्या पूर्वेला वॉसॅच डोंगर ओलांडण्यासाठी. तिथला चढ १.१४ टक्के, म्हणजे साधारण ८८ मीटर चालल्यावर एक मीटर वर. आणि आमच्या महूच्या खाली, पातालपाणी ते कालाकुंड घाटात, चढ ४० ला एक. दुपटीहून जास्त तीव्र! मग राक्षसी इंजिन तिकडे आणि चिमुकलं इकडे, असं उलटं कसं?

हा घाट होळकरांच्या पैशाने बांधलेला. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० मध्ये इंग्रजांना एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या बोलीवर दिले, आणि त्यातून खंडवा-इंदूर ही मीटर गेजची लाईन झाली. अर्थात इतिहासाच्या या भागात मला कुणाला विचारावं लागलं नाही. विचारलं ते एवढंच, की मग मोठं इंजिन का नाही आलं.

अण्णा म्हणाले, "गाडी केवढी होती आमची?" मोजके डबे, नाहीतर थोड्या वाघिणी. आणि चढात मागून दुसरं इंजिन लावायचं, बँकर. पुढचा ओढतो, मागचा रेटतो. वॉसॅचमध्येही आधी तेच करत होते. पण तिथे एका मालगाडीचं वजन तीन हजार टनांच्या वर, आणि प्रत्येक गाडीला जादा इंजिन, जादा माणसं, जोडायला-सोडायला जादा वेळ. युनियन पॅसिफिकला एका इंजिनाने, मदतीशिवाय, न थांबता ती गाडी पार न्यायची होती. म्हणजे इंजिनाचा आकार नुसता चढ ठरवत नाही. चढ, ओझं आणि वेग या तिन्हींचा गुणाकार ठरवतो. भोर आणि थळ घाटांचा चढ ३७ ला एक; तिथे जीआयपी रेल्वेने वाफेचं इंजिन वाढवत न्यायचं सोडलं आणि १९३० पर्यंत दोन्ही घाटांत वीज आणली. प्रश्न घाटाचाच, पण खिसा, कोळसा आणि वाहतूक वेगळी, म्हणून उत्तरही वेगळं.

आणि चौथी अट रुळांची. बिग बॉयच्या एकेका चालक आसावर तीस टनांच्या वर भार येतो. आमच्या ब्रॉड गेजच्या बहुतेक मालइंजिनांना साडेअठरा टनांच्या आसपासची मर्यादा होती, आणि महायुद्धात अमेरिकेने मीटर गेजसाठी जी इंजिनं बांधली त्यांना आसामागे जेमतेम नऊ टन. अमेरिकेतला राक्षस इथे आणून ठेवला असता तर रुळांनीच हात टेकले असते.

तरीही अमेरिका इथे आली, आणि ती बेताच्या मापाची होऊन आली. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आणि चीनच्या आघाडीला रसद पोचवायला ईशान्येकडच्या रेल्वेवर भयंकर ताण पडला. १९४४ मध्ये बंगाल-आसाम रेल्वेचे महत्त्वाचे मार्ग चालवायला अमेरिकी सैन्याची रेल्वे पथकं आली. त्यांच्यासोबत २-८-२ चाकांची छोटी, दणकट मीटर गेज इंजिनं आली, जनरल मॅकआर्थरच्या नावाने ओळखली जाणारी. ब्रॉड गेजसाठी बाल्डविनने बांधलेली वेगळी. दिल्लीला लेकीकडे गेले होते तेव्हा जावयांना घेऊन मुद्दाम रेवाडीच्या वाफेच्या शेडमध्ये गेले. तिथे १९४३ मध्ये बाल्डविनने बांधलेलं एडब्ल्यूई २२९०७, नाव 'विराट', जपून ठेवलं आहे. माझ्या उंचीला जवळजवळ भिडणारी चाकं, आणि नळ्या, पंप, सांधे बहुतेक सगळे बाहेर, हात पोचेल असे. सुबक म्हणवत नाही, पण काय कशाला जोडलंय ते माझ्यासारखीलाही दिसतं. युद्धात दुरुस्ती उघड्यावर करावी लागते, तिथे सुबकपणापेक्षा हेच कामाचं.

तिथे अक्षरांनीही माझा पिच्छा पुरवला. एडब्ल्यूई मधला डब्ल्यू युद्धाचा. डब्ल्यूजी मधला डब्ल्यू मात्र ब्रॉड गेजचा, आणि जी मालगाडीचा. वायजी म्हणजे मीटर गेजची मालगाडी. जावई समजावत राहिले, मी मान डोलवत राहिले.

मात्र डब्ल्यूजीची गोष्ट ध्यानात राहिली, कारण अमेरिकेचा खरा वारसा तिथे आहे. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, बाल्डविनकडून डब्ल्यूपी जातीची पहिली सोळा प्रवासी इंजिनं आली, तीच ती नाकाडी, तोंडावर चांदणी मिरवणारी. आपल्याकडच्या हलक्या, राखट कोळशासाठी त्यांची भट्टी रुंद होती. तिच्याशी अनेक भाग जुळणारं मालगाडीचं भावंड म्हणजे डब्ल्यूजी, चाकं २-८-२. चित्तरंजनच्या कारखान्यातून नोव्हेंबर १९५० मध्ये बाहेर पडलेलं पहिलं इंजिन 'देशबंधू' याच जातीचं, आणि १९७० मधलं त्या जातीचं शेवटचं 'अंतिम सितारा'ही. जगभरच्या कारखान्यांतून मिळून अशी सुमारे २,४५० झाली. बिग बॉय पंचवीसच. इतिहासात सनावळीत नाव कुणाचं येतं आणि राज्य कोण चालवतं, हा फरक मी वर्षानुवर्षं शिकवला; तो इंजिनांनाही लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

महूला परत आल्यावर अण्णांनी मला पातालपाणीहून कालाकुंडला नेलं. डिसेंबर २०१८ पासून तिथे पर्यटकांसाठी हेरिटेज गाडी चालते. जेमतेम दहा किलोमीटर, बोगदे, दऱ्या, पावसाळ्यात धबधबा. मी जरा हिरमुसले होते, कारण गाडीला वाफेचं नाही, डिझेलचं इंजिन होतं. अण्णा त्याच्याजवळ जाऊन त्याच्या बाजूवर थाप मारून म्हणाले, "हेही तुमच्या अल्कोचंच."

मला आधी वाटलं, थट्टा करताहेत. पण खरंच. वायडीएम-४ ही मीटर गेजची डिझेल जात मूळ अल्कोच्या आराखड्याची. १९६० नंतर आधी अमेरिकेहून आली, मग वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. मोठ्या लाईनवरची डब्ल्यूडीएम-२ देखील अल्कोचीच. बिग बॉय बांधणाऱ्या कंपनीने १९४८ मध्ये वाफेची इंजिनं बांधणं थांबवलं, १९६९ मध्ये ती स्वतःच बंद पडली, आणि तिचे आराखडे मात्र गंगेकाठी पुढे कितीतरी वर्षं जिवंत राहिले. ज्यांनी वाफेला शिखरावर नेलं, त्यांच्याच डिझेलने माळव्यातल्या वाफेच्या इंजिनांना घरी बसवलं. त्या दिवशी मी इंजिनाच्या खिडकीखाली उभी राहून फोटो काढून घेतला आणि भाच्याला पाठवला. त्याचं एकच उत्तर: "मावशी, कमाल!"

मुलांना मी शेवटी एक उत्तर दिलं नाही. फळ्यावर चार रकाने आखले: ओझं, चढ, वेग, रूळ. इंजिनाचं नाव कुणी घेतलं की आधी हे चार भरायचे. एकाने लगेच आजच्या इंजिनांबद्दल विचारलं, आणि मला सांगायला माझ्या माहेरचंच उदाहरण मिळालं. इंदूर-दाहोद ही लाईन धारवरून जाणार. तिचं भूमिपूजन २००८ मध्ये झालं. तिच्या दुसऱ्या टोकाला, दाहोदला, १९२६ पासून वाफेच्या इंजिनांचा कारखाना होता, आणि तिथेच मे २०२५ मध्ये ९,००० अश्वशक्तीचं विजेचं मालइंजिन बाहेर पडलं. सहा आसांचं, आणि बिग बॉयच्या कितीतरी पट हलकं. त्याला ना भट्टी पोसायची, ना पाणी वाहायचं. ताकद तारेतून येते.

आणि महूच्या घाटाचं? तिथे मोठी लाईन टाकताना इंजिन वाढवण्याच्या फंदात कुणी पडलेलं नाही. ४० ला एकचा चढ सोडून, लांबचा वळसा घेऊन, बोगद्यांतून सौम्य चढाचा नवा मार्ग काढला जातोय. युनियन पॅसिफिकनेही १९५३ मध्ये आपल्या शर्मन टेकडीवर असाच सौम्य चढाचा आणखी एक रूळ टाकला होता. म्हणजे इंजिन मोठं करा, इंजिनं दोन लावा, वीज आणा, नाहीतर डोंगराशीच तडजोड करा. पुढच्या वर्गासाठी मी आता बोगद्यांबद्दल वाचते आहे, आणि त्यातलं अजून अक्षरही कळलेलं नाही.